गोऱ्यावर असं, सावळ्यावर असं

मॉडेल म्हटलं की लोक आधी उंची विचारतात आणि मग रंग. प्रतिभा विधातेच्या बाबतीत उंची सांगता यायची, रंगापाशी मात्र माणसं अडखळायची. कुठला सांगणार? कपाळ सावळं, गाल सावळे, आणि दोन्ही डोळ्यांभोवती, ओठांच्या कडेनं, हनुवटीवर दुधासारखं पांढरं. हातांचं तर विचारूच नका. कोपरापर्यंत सावळा हात, पुढं मनगटावर पांढरे पट्टे आणि बोटांवर पुन्हा सावळे ठिपके. कोड. शब्द एवढासा, पण पंचवटीत तो मोठ्यानं कुणी उच्चारत नसे. ‘तिला ते आहे’ एवढं म्हणून बायका नजर दुसरीकडं वळवायच्या.

वडील मोतीराम यांची मखमलाबाद रोडला फुलशेती. झेंडू, शेवंती, निशिगंध. पहिला डाग आला तेव्हा प्रतिभा प्राथमिक शाळेत होती. आई अंबूबाईंनी काही करायचं बाकी ठेवलं नाही. बावचीचं तेल चोळून तिला उन्हात बसवलं, दूध आणि मासे एकत्र खायचे नाहीत म्हणून बजावलं. आता माळकरी घर, त्यात मासा आला कुठून? पण वैद्यानं सांगितलं होतं ना, मग पाळलं. डाग काही ऐकेनात. पुढं पुढं फुलबाजारात तिच्या हातचा हार कुणी घेईना. “त्या धाकटीला द्यायला सांगा,” असं गिऱ्हाईक तोंडावर म्हणायचं. मग प्रतिभानं घरी बसून हार गुंफायचे आणि धाकट्या मीनानं बाजारात विकायचे, असं ठरून गेलं.

मीना लग्नाची झाली तेव्हा आणखी एक गोष्ट ठरून गेली. थोरलीला विचारणारं कुणी नव्हतं, तेव्हा धाकटीचं बघायला लागले, आणि बघायला पाहुणे यायचे म्हटलं की प्रतिभाला सकाळच्या बसनं देवळाली कॅम्पला मावशीकडं पाठवायचं. पाहुण्यांनी विचारलं, तर थोरली मावशीकडं असते, एवढंच सांगायचं. कुणी तिला असं स्पष्ट बोललं नव्हतं. आई आदल्या दिवशी पिशवीत मावशीसाठी शेवंतीची फुलं भरून ठेवायची, की हिनं समजून घ्यायचं. मावशी जेवू घालायची, काही विचारायची नाही. वाईट वाटायचं प्रतिभाला. का नाही वाटणार? माणूसच ना ती.

त्र्याण्णव साली ती रविवार कारंज्याजवळ वत्सलाबाईंच्या साड्यांच्या दुकानात लागली. काम आतल्या बाजूचं: गिऱ्हाइकांनी उलगडून टाकलेल्या साड्यांच्या घड्या घालायच्या. पुढं गादीवर निवृत्ती बसायचा. चांगला झुपकेदार मिशांचा गडी, पण साडी दाखवायची म्हटली की उभा राहून पदर स्वतःच्याच खांद्यावर घ्यायचा आणि असा वळायचा की नव्या नवरीनं शिकावं. त्याचं एकच वाक्य पाठ होतं, “ताई, तुमच्या गोऱ्या रंगावर तर सोनं होईल सोनं.” समोरची बाई कोळशागत काळी असो, वाक्य तेच.

एकदा एक मास्तरीणबाई आल्या. चांगल्या सावळ्या. मोरपंखी साडी त्यांच्या मनात भरली होती, पण आपल्याला शोभेल की नाही या विचारानं हातातून सोडत आणि पुन्हा उचलत होत्या. निवृत्तीनं आपलं सोन्याचं वाक्य टाकलं. मास्तरीणबाईंचा चेहराच पडला. खोटं कळतं हो माणसाला. आत घड्या घालणाऱ्या प्रतिभाला राहवलं नाही. ती बाहेर आली, तो पदर आपल्या मनगटावर टाकला आणि म्हणाली, “हे बघा बाई. गोऱ्यावर असं दिसतं, सावळ्यावर असं. गोऱ्यावर उगीच भडक वाटतंय. सावळ्यावर बघा कसं खुललंय.”

निवृत्ती तर आता नोकरी गेली या भीतीनं वत्सलाबाईंकडंच बघायला लागला. म्हणजे प्रतिभाची नोकरी, स्वतःची नाही. मास्तरीणबाईंनी तिचा हात आपल्या हातात घेतला, उजेडाकडं वळवून नीट पाहिला आणि साडी बांधायला सांगितली.

वत्सलाबाई गल्ल्यावरून हे सगळं बघत होत्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, “प्रतिभा, उद्यापासून पुढं बस.” त्यांनी हे काही समाजसुधारणा म्हणून केलं नाही, गैरसमज नको. बाई पक्की दुकानदार. दोन्ही रंगांचं गिऱ्हाईक एकाच हातावर पटवता येतंय, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं.

काही बायका उठून गेल्या. शेजारच्या दुकानात जाऊन नावंही ठेवली. पण बाकीच्या यायच्या आणि दारातूनच विचारायच्या, “ती हातवाली कुठंय?” सावळ्या पोरींच्या आया तर मुद्दाम तिच्यापुढं बसायच्या, कारण इथं रंगाबद्दल कुणी लाडीगोडी लावत नव्हतं. पुढं दुकानाच्या दारातल्या पुतळ्याचं नाक फुटलं, तेव्हा नवा आणेपर्यंत वत्सलाबाईंनी प्रतिभालाच नवी साडी नेसवून दारात उभं केलं. नवा पुतळा मग आणलाच नाही. फुलांच्या पाट्या वाहून खांदे ताठ झालेले, मान सरळ, चाल संथ. तिच्या अंगावर साडी बोलायची.

शहाण्णवच्या दिवाळीला वत्सलाबाईंनी द्वारका चौकात मोठा बोर्ड लावायचं काढलं. “बाहेरच्या बाया कशाला? आपल्या प्रतिभालाच लावू,” म्हणाल्या. नाशिक रोडच्या ज्ञानेशच्या स्टुडिओत फोटो निघाला. ज्ञानेश पावडरचा डबा घेऊन पुढं आला, तर प्रतिभा म्हणाली, “नको दादा. आहे तसा काढा.” फोटो चांगला आला. तिनं तो घरी आणून दाखवला आणि अंबूबाई मटकन खाली बसल्या.

“अगं, मीनाचं काय? नाशिक रोडचं स्थळ यायचंय. त्यांचा रोजचा रस्ताच द्वारकेवरनं हाय.”

आपला चेहरा, जसा आहे तसा, चौकात लागावा असं प्रतिभाला फार वाटत होतं. इतकं की आजवर कशाचंच वाटलं नव्हतं. आणि त्या चेहऱ्यापायी बहिणीचं लग्न मोडावं असंही वाटत नव्हतं. तिनं वत्सलाबाईंना नाही म्हणायचं ठरवलं. पण दुकानात जाऊन बोलते तर काय, दुसरी प्रत कधीच पेंटरकडं गेलेली. बोर्ड रंगून लागलासुद्धा होता.

ती आणि मीना रिक्षानं द्वारकेला गेल्या. वर पाहिलं आणि दोघी एकमेकींकडं बघायला लागल्या. साडी बरोबर होती, नाक-डोळे बरोबर होते, मान तिचीच होती. पण डाग एकही नव्हता. सगळा चेहरा गव्हाळ, गुळगुळीत. तिच्या दोन रंगांपैकी एकही रंग त्यात नव्हता.

झालं होतं असं. पेंटर खंडेराव हा सिनेमाची पोस्टरं रंगवून मुरलेला माणूस. प्रतिभाला त्यानं कधी पाहिलं नव्हतं. पावसाळ्यात त्याच्याकडं येणारे निम्मे फोटो ओलीनं बुरसलेले असायचे आणि बुरशीमागचा चेहरा ओळखून काढण्यात त्याचा हातखंडा होता. प्रतिभाचा फोटो हातात आल्यावर तो हळहळला, बिचाऱ्या पोरीच्या चेहऱ्यालाच नेमकी बुरशी धरली म्हणून. मग जीव ओतून त्यानं तो चेहरा दुरुस्त केला. वर जाहिरातीची पद्धत म्हणून दोन छटा उजळही केला.

घरी मात्र आनंदीआनंद. अंबूबाईंनी काळारामाला नारळ वाढवला. वत्सलाबाई म्हणाल्या, “चूक झाली खरी, पण दिसतंय झकास. राहू दे.” मीनाचं पार पडू दे एकदा, असं प्रतिभा मनाशी म्हणत राहिली. पण द्वारकेवरून जाताना ती रिक्षात मान खाली घालायला लागली. कोड आल्यापासून तिनं रस्त्यात असं कधी केलं नव्हतं.

पाहुणे आले ते ऐन दिवाळीच्या गर्दीत. दुपारनंतर दुकानात जायचं होतं म्हणून त्या दिवशी प्रतिभा कॅम्पला गेली नाही. घरामागच्या फुलांच्या शेडमध्ये बसून राहिली. मधे पत्र्याची भिंत. सगळं ऐकू येत होतं. मुलाच्या आई सावित्रीबाई मोठ्या हौशी. मीनाचं नाव, शिक्षण, स्वयंपाक विचारून झालं आणि मग म्हणाल्या,

“एक विचारू का? द्वारकेच्या बोर्डावरची ती तुमची थोरलीच ना? दुकानात माणूस पाठवून चौकशी केली आम्ही. लग्नाची आहे म्हणे. मग थोरली घरात असताना धाकटी का दाखवता? खरं सांगते, आमच्या मुलाला थोरलीच पसंत आहे.”

मोतीराम खाकरले. मीना तिथंच मान खाली घालून बसली होती, नटूनथटून, आणि तिच्यासमोर तिच्या बहिणीला मागणी आली होती. काय वाटलं असेल त्या पोरीला? प्रतिभानं मांडीवरची फुलं बाजूला केली, उठली आणि सरळ बैठकीच्या खोलीत गेली.

“मीच ती,” म्हणाली.

सावित्रीबाईंनी तिच्याकडं पाहिलं. चेहऱ्याकडं, मग हातांकडं, मग पुन्हा चेहऱ्याकडं. पोह्यांची बशी खाली ठेवली. त्या ओरडल्या नाहीत, नाक मुरडलं नाही. शांतपणे म्हणाल्या, “मग बोर्डावर खोटं कशाला काढलं? आज हे लपवलं, उद्या आणखी काय लपवाल?” आणि मुलाला घेऊन निघून गेल्या.

“कशाला आलीस बाहेर?” अंबूबाई प्रतिभावर बरसल्या. “बसायला काय झालं होतं आत? माझ्या मीनाच्या नशिबात…”

“आई, पुरे,” मीना म्हणाली. कानातले काढून तिनं डबीत टाकले. “ताईच्या तोंडानं नाय मोडलं. त्या बोर्डावरच्या तोंडानं मोडलं. खरं असतं तर ती बाई आलीच नसती, आणि आली असती तर उठून गेली नसती.” मग प्रतिभाकडं वळून म्हणाली, “ताई, तो बोर्ड नीट करून घे. ज्याला माझ्यासाठी यायचंय त्यानं आधी द्वारकेला मान वर करून बघावं आणि मग आपली पायरी चढावी. मला सारखं सारखं नटून बसायचा वीट आलाय.”

प्रतिभा त्या दिवशी दुकानात गेली ती थेट गल्ल्यापाशी. “बाई, बोर्ड बदला. नाहीतर माझा चेहरा पुसून टाका. साडी राहू द्या.”

“डोकं फिरलंय का तुझं? दिवाळी तोंडावर आलीय.”

“बोर्ड बघून बायका दुकानात येतात, बरोबर? मला विचारतात, ती बोर्डावरची कुठंय? मी समोर उभी असते तरी विचारतात. तुमच्याच दुकानात मी खोटी ठरतेय.”

वत्सलाबाईंना यातलं दुकानदारीचं नुकसान पटलं, बाकीचं पटलं की नाही देव जाणे. “फार हट्टी आहेस,” असं म्हणून त्यांनी निवृत्तीला पेंटरकडं पिटाळलं.

खंडेराव द्वारकेला आला. प्रतिभाला समोर पाहून त्याच्या हातातला ब्रश तसाच राहिला. “बाई, माफ करा. मी समजलो बुरशी.” आणि प्रतिभा जी हसत सुटली, तिला आवरेना. तिच्या डागांना आजवर लोकांनी पापं म्हटलं होतं, पूर्वजांचे शाप म्हटलं होतं. पेंटरनं सगळा दोष फोटोवर ढकलून तिला सोडवलं होतं की.

फोटोत बारकावे दिसेनात, म्हणून खंडेराव म्हणाला, समोरच बसा. चौकातल्या चहावाल्यानं खुर्ची दिली. वर बांबूच्या परांचीवर खंडेराव, खाली भर रस्त्यात खुर्चीवर प्रतिभा. बसच्या खिडक्यांतून माना बाहेर यायला लागल्या. रिक्षावाले थांबले, पाठीवर पोतं घेतलेला हमाल थांबला, भाजीवाल्या थांबल्या. पहिल्यांदा कुजबुज झाली. उठून जावं असं प्रतिभाच्या दोनदा मनात आलं. पण वरून खंडेराव आपल्याच नादात ओरडायचा, “मान जरा डावीकडं घ्या. हां, तशीच ठेवा.” आणि ती ठेवायची.

मग चहावाल्यानं मान वर करून पाहिलं आणि म्हणाला, “पेंटर, हनुवटीवरचा लहान झालाय. खालपर्यंत हाय तो.”

खंडेराव वाकून बघायला लागला. एक रिक्षावाला म्हणाला, डाव्या डोळ्याचा पट्टा कानाकडं वळतो, सरळ नाही. भाजीवाली म्हणाली, तुझे डोळे फुटलेत, उजव्याचा वळतो. भांडणच जुंपलं. दोघं तिच्याजवळ येऊन निरखून गेले. भाजीवालीचं बरोबर निघालं. मग काय, ज्याला त्याला सांगायचं होतं. जन्मभर लोकांनी प्रतिभाकडं पाहून नजर फिरवली होती. आज चौकातली माणसं तिच्या चेहऱ्याकडं टक लावून बघत होती आणि एकही डाग चुकू नये म्हणून भांडत होती. तिचे डोळे भरून आले तर खंडेराव वरून म्हणाला, “डोळे पुसू नका बाई, रंग बदलतो कडेचा.” उन्हं कलली तेव्हा बोर्ड पुरा झाला. प्रतिभा विधाते द्वारकेला लागली, दोन्ही रंगांसकट.

यानंतर जे झालं त्याला लोक तिचं करिअर म्हणतात. दुकानात त्या दिवाळीला काही बायका आल्याच नाहीत, हे खरं. पण दुसऱ्याच यायला लागल्या. मालेगाव-सटाण्याकडून एक बाई आली, डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. प्रतिभासमोर बसून तिनं पदर मागं सारला. “माले बी हाईच शे,” मला पण हेच आहे, एवढंच म्हणाली. साडी घेतली नाही. नुसती बसून चहा पिऊन गेली. तशा पुष्कळ आल्या.

ज्ञानेशनं काढलेले फोटो हळूहळू सुरतच्या व्यापाऱ्यांपर्यंत गेले. कॅटलॉग झाले, कॅलेंडर झाली. मुंबईच्या एका मासिकानं तिचे फोटो छापले. तिथला मेकअपवाला रंगाचा डबा घेऊन आला, त्यालाही तिनं तेच सांगितलं, नको दादा, आहे तसं. फॅशन शोला बोलावणी आली, तिथं काटकुळ्या पोरींच्या मधून ही आपली बाजाराला निघाल्यासारखी चालत जायची, आणि लोक टाळ्या वाजवायचे. पहाटेच्या गाडीनं जायची, काम करायची, परत यायची. मुंबईत राहायला मात्र ती कधी गेली नाही.

दोन हजार सालानंतर रंगवलेले बोर्ड गेले आणि फ्लेक्स आले. खंडेराव गणपतीच्या मूर्ती रंगवायला लागला. ज्ञानेशनं कॉम्प्युटर घेतला आणि एक दिवस सवयीनं, काही मनात नसताना, तिचे डाग पुसून मोकळा झाला. प्रतिभा शेजारी स्टूल ओढून बसली. “ज्ञानेशदादा, परत आण सगळे.” त्यानं आणले. एक मनगटावरचा राहिला, तोही तिनं दाखवून दिला. एव्हाना नाशिकच्या दुकानांच्या जाहिरातींत जाड बायका दिसायला लागल्या होत्या, पिकल्या केसांच्या दिसायला लागल्या होत्या. वत्सलाबाई ऐटीत सांगायच्या, सुरुवात आम्ही केली. निवृत्ती त्यावर मिशीत हसायचा.

पण मीनाचं राहिलंच की सांगायचं.

बोर्ड दुरुस्त झाला आणि घराची पायरी ओस पडली. थंडी सरत आली तरी एक स्थळ फिरकलं नाही. मीना म्हणायची, नाय येत तर नको येऊ दे. पण प्रतिभाला अन्न गोड लागेना. आपल्या हौसेपायी बहिणीचं आयुष्य तर अडवलं नाही ना, हे तिला रोज टोचायचं. द्वारकेवरून जाताना ती आता मान वर करून बघायची, आणि प्रत्येक वेळी आधी तिला अभिमान वाटायचा आणि मग लगेच भीती.

फाल्गुनात आडगावहून निरोप आला. भाजीपाल्याचा मळा, मुलाचं नाव ललित, आई चिमणाबाई. निरोप आणणारा म्हणाला, त्यांनी बोर्ड बघितलाय. बघितलाय म्हणजे काय, आवडलाय की त्यावरून काही बोलायचंय, ते त्याला सांगता येईना.

त्या सकाळी प्रतिभा अंघोळ करून, जुनी साडी नेसून, कॅम्पची पिशवी घेऊन उंबऱ्यापाशी आली. कुणी सांगितलं नव्हतं. एवढं सगळं झालं तरी पाय आपोआप तिकडंच वळत होते. चूल सोडून अंबूबाई आल्या. त्यांनी पिशवी तिच्या हातातून घेतली.

“कुठं निघालीस?”

“कॅम्पला.”

“काय नको जाऊ,” अंबूबाई म्हणाल्या. घाबरल्याच होत्या त्या. “चांगली साडी नेस. दुकानातनं आणलेली, मोरपंखी.”

पाहुणे बसले. मीना येऊन बसली. मग अंबूबाईंनी चहाचा ट्रे भरला, तो प्रतिभाच्या हातात दिला आणि तिच्या खांद्याला धरून तिला बाहेर आणलं. मोतीराम आपल्या बायकोकडं बघतच राहिले.

“ही माझी थोरली,” अंबूबाई म्हणाल्या. “प्रतिभा.”

चिमणाबाई म्हणजे उन्हातान्हात राबलेली बाई. त्यांनी चहा घेतला, प्रतिभाच्या हातूनच, आणि कप हातात धरून तिच्याकडं बघत राहिल्या. चेहरा बघितला, हात बघितले. मीनानं पदराचं टोक मुठीत धरलं होतं. अखेर चिमणाबाईंनी मान हलवली.

“बोर्डावर लय जाड काढलंय गं तुला त्या पेंटरनं,” म्हणाल्या. “एवढी कुठं हायेस तू? सांग त्याला.”

आणि फुर्र करून चहाचा घोट घेऊन त्या मीनाकडं वळल्या, “तुला पहाटे उठून मेथीच्या जुड्या बांधता येतील का, ते सांग आधी.”

मीना हसली, ललित हसला, मोतीरामांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून उगीच पुसला. अंबूबाईंना मात्र आत जायचंही सुधरलं नाही. तिथंच, पाहुण्यांच्या देखत, पदर तोंडाला लावून त्या रडायला लागल्या. आजवर घरात पाहुणे येत होते आणि त्या धाकटी दाखवत होत्या. थोरली त्यांनी पहिल्यांदाच कुणाला दाखवली होती.